हिरव्या भाजीचा कोपरा

भंडारा रोड हे रेल्वेस्थानक भंडारा शहरात नसून वरठीत आहे, हे नवख्या प्रवाशाला बहुधा गाडीतून उतरल्यावरच उमगते. शहर तेथून दहा-बारा किलोमीटर दूर. मीटर गेजचा जुना नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीकडे आला, तिने तो रुंद केला, आणि पुढे तोच हावडा-मुंबई मार्गाचा भाग झाला. स्थानकाच्या आश्रयाने वरठीची बाजारपेठ वाढली. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याने तिला पाळीचे गिऱ्हाईक दिले. नागपूरहून सायंकाळच्या गाडीने परतणारा नोकरदार आणि कारखान्यातून सुटलेला कामगार, दोघेही घरी जाताना किराणा दुकानासमोर थांबतात. तेलाची पिशवी, चहापत्ती, पावभर तूरडाळ एवढे घेऊन झाले की दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो : रात्रीच्या भाजीचे काय? त्याचे उत्तर किराणा दुकानात नसते. मग तेथे सोडलेले सुटे पैसे खिशात टाकून गिऱ्हाईक पुढच्या हातगाडीकडे वळते.

विदर्भातील लहान गावांत पिढ्यान्‌पिढ्या किराणा चालविणाऱ्या अनेक व्यापारी घरांत या प्रश्नावर सध्या बापलेकांत बोलणे होते. मुलाचे म्हणणे असे की, महिन्याचा किराणा आता गिऱ्हाईक भ्रमणध्वनीवरून मागवू लागले आहे किंवा नागपूरच्या मोठ्या दालनातून एकदाच भरून आणते. जे रोज लागते तेच त्याला रोज दुकानात आणील, आणि रोज लागते ती भाजी. वडिलांचे म्हणणे असे की, साखर सडत नाही, साबण सडत नाही, भाजी सडते. आणि ज्या मालाची सायंकाळी किंमत शून्य होते त्या मालात बनियाने हात घालू नये. दोघांचेही खरे आहे. म्हणूनच हा विषय भावनेने न सोडविता हिशेबाने सोडविला पाहिजे.

लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फळे व भाजीपाल्याची नासाडी पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के इतकी आढळली होती. सर्वांत वरचा आकडा पेरूचा. ही नासाडी शेतापासून विक्रीपर्यंतच्या सर्व टप्प्यांवरची आहे. दुकानदाराच्या वाट्याला त्यातला एक हिस्सा येतो. तो हिस्सा लहान वाटतो, पण नफ्याच्या मापाने मोजला की त्याचे खरे रूप दिसते. समजा, एखाद्याने चाळीस किलो टमाटर वीस रुपये दराने, म्हणजे आठशे रुपयांना घेतले आणि सव्वीस रुपयांनी विकायला ठेवले. सहा किलो सडले, तर चौतीस किलोचे आठशे चौऱ्याऐंशी रुपये येतील. हाती राहिले चौऱ्याऐंशी. दोनच किलो सडले, तर अडतीस किलोचे नऊशे अठ्ठ्याऐंशी. हाती राहिले एकशे अठ्ठ्याऐंशी. खरेदी तीच, विक्रीचा दर तोच, गिऱ्हाईक तेच. केवळ चार किलो माल सांभाळल्याने नफा दुपटीहून अधिक झाला. दर वाढवून नफा काढणे हा भाजीच्या व्यापारातला आंधळा मार्ग आहे, कारण शेजारची हातगाडी दोन रुपयांनी स्वस्त देतेच. तूट कमी करणे हा मार्ग मात्र कोणीही अडवू शकत नाही.

तूट सुरू होते ती खरेदीच्या वेळी. भंडाऱ्याच्या सब्जीमंडीत किंवा नागपूरच्या कळमना बाजारात पहाटे गेलेला दुकानदार बहुधा भावाकडे पाहतो, बारदानाकडे पाहत नाही. पोत्यात कोंबून आलेली वांगी आणि क्रेटमध्ये आलेली वांगी यांच्या भावात दोन-तीन रुपयांचा फरक असला, तरी खालच्या थरातील दबलेली वांगी मोजली की पोतेच महाग पडते. फळाला किंवा भाजीला जेथे मार लागतो तेथून ती नासू लागते आणि एक नासलेले फळ शेजाऱ्यांना घेऊन जाते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्यापासून शेतकरी आपला माल बाजार समितीच्या आवाराबाहेरही विकू शकतो. मोहाडी तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याशी बोलून ठेवले, तर सकाळी तोडलेली पालक आणि मेथी मंडीची फेरी न करता थेट दुकानात येऊ शकते. पालेभाजीच्या बाबतीत हे दोन-चार तास फार मोलाचे असतात. तोडल्यावरही पाला श्वास घेतच असतो, त्याच्यातले पाणी उडतच असते, आणि वजनाच्या शेकडा चार-पाच भाग पाणी गेले की तो माना टाकतो. दुकानदार मग त्यावर बादलीभर पाणी ओततो. तासाभरात पाला टवटवीत दिसतो, आणि सायंकाळी जुडीच्या पोटातून काळा, लिबलिबीत निघतो. पाणी शिंपडावे, ओतू नये. ओले गोणपाट झाकावे. जुड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. भेंडीवर, कांद्यावर तर थेंबही नको.

वरठीचा उन्हाळा हा या व्यवसायाचा खरा परीक्षक आहे. वैशाखात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली सांबाराची जुडी दुपारपर्यंत टिकत नाही. (कोथिंबिरीला येथे सांबारच म्हणतात, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याची त्यावरून होणारी फजिती प्रत्येक घरात एकदा तरी सांगितली गेलेली असते.) अशा वेळी शीतकपाट घेण्याचा विचार येतो. परंतु त्याची किंमत, विजेचे देयक आणि लहान दुकानाची विक्री यांचा मेळ बसत नाही. यावर एक जुना, स्वस्त आणि विदर्भाच्या कोरड्या उष्णतेसाठीच जणू योजलेला उपाय आहे. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत सुशांत रॉय आणि खुर्दिया या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. त्याची रचना गवंड्याला एका वाक्यात सांगता येते. विटांचा ओटा, सुमारे १६५ सेंटिमीटर लांब व ११५ सेंटिमीटर रुंद, त्यावर ६७.५ सेंटिमीटर उंचीची दुहेरी भिंत. दोन भिंतींमधील साडेसात सेंटिमीटरच्या पोकळीत रेती. रेतीवर सकाळ-सायंकाळ पाणी घालायचे आणि वर बांबू-गवताचे किंवा गोणपाटाचे ओले झाकण ठेवायचे. इतकेच. सुमारे शंभर किलो भाजी त्यात मावते.

माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, खिडकीतला कूलर ज्या कारणाने खोली गार करतो, त्याच कारणाने हा कक्ष गार राहतो : पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. बाहेर हवा जितकी कोरडी, तितका आत गारवा अधिक. ऐन उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंश तापमान कमी राहते आणि आतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने त्याचा गारवा फारसा उरत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण पावसाळ्यात गारव्याची तितकी निकडही नसते. वैनगंगेची रेती भंडारा जिल्ह्याला नवी नाही. विटा मिळतात, गवंडी मिळतो. दुकानामागे झाडाची सावली आणि वारा वाहणारी जागा हवी; बंद खोलीत हा कक्ष बांधला तर ओल राहील, गारवा राहणार नाही.

ज्यांच्याकडे शीतपेयाच्या कंपनीने दिलेले काचेच्या दाराचे शीतकपाट आहे, ते त्यातच केळी आणि वांगी ठेवताना दिसतात. येथे उलटे नुकसान होते. केळी तेरा अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते. वांगी, काकडी, भेंडी यांनाही दहा अंशांहून फार खालची थंडी बाधते, त्यांच्या अंगावर खड्डे पडतात. पालक, मेथी, कोबी, वाटाण्याच्या शेंगा यांना मात्र तो गारवा मानवतो. कपाट एकच असले, तरी कोणाला आत ठेवायचे आणि कोणाला बाहेर हे ठरविता येते. तसेच, पिकलेली केळी, आंबे, पपई यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो. शेजारी ठेवलेल्या पालेभाज्या त्याने लवकर पिवळ्या पडतात. केळीची फणी दुकानाच्या एका टोकाला टांगावी, पाला दुसऱ्या टोकाला मांडावा. आलू उजेडात ठेवले की हिरवे पडतात आणि ते खाण्यास अपायकारक असतात. त्यांची जागा अंधारी हवी.

हा झाला पडद्यामागचा भाग. पडद्यापुढे गिऱ्हाईक उभे असते आणि त्याची बोटे शांत नसतात. लवकीला नख लावून पाहणे, भेंडीचे टोक मोडून पाहणे, टमाटर दाबून पाहणे हे आपल्याकडील गृहिणीचे परंपरागत परीक्षणशास्त्र आहे. दुकानदार त्यावर वैतागतो आणि ‘हात लावू नका’ अशी पाटी लावतो. ती पाटी गिऱ्हाईकाला परत पाठविण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. निवडण्याचा हक्क काढून घेतलेले गिऱ्हाईक असे समजते की आत काहीतरी दडविले आहे. आणि पुष्कळदा ते खरेही असते. त्यापेक्षा एक लवकी कापून ताटलीत ठेवावी, दोन भेंड्या स्वतः मोडून दाखवाव्यात. परीक्षा एका नगावर होऊ द्यावी म्हणजे उरलेला ढीग वाचतो. टमाटरांचे दोन ढीग करावेत : आज रात्रीसाठी पिकलेले आणि दोन दिवसांनी पिकणारे कच्चट. निवड दुकानदारानेच आधी केलेली असली की गिऱ्हाईकाला चाळीस टमाटर चिवडावे लागत नाहीत. ढीगही गुडघ्याएवढा नको. उंच ढीग डोळ्यांना समृद्ध दिसतो, पण त्याच्या तळाशी दुकानाचा नफा चिरडलेला असतो.

दराची पाटी हा असाच एक दुर्लक्षित विषय. अनेक दुकानांत भाजीचा दर विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तो विचारणाऱ्याच्या पेहरावावरून बदलतो अशी शंका गिऱ्हाईकाला नेहमी असते. बंगळुरूला १९५९ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थेच्या रूपाने सुरू झालेल्या हॉपकॉम्सच्या विक्रीकेंद्रांवर दररोजचा दर ठरलेला असतो आणि तो सर्व केंद्रांवर सारखा असतो. घासाघीस न करता भाजी घेण्याची सवय त्या शहराला त्यातून लागली. वरठीत तेवढी संस्था नको, एक काळा फळा पुरे. सकाळी खडूने भाजीचे नाव, पावाचा दर, किलोचा दर. दुपारनंतर दर उतरविला तर जुना आकडा पुसून नवा लिहावा, सर्वांना दिसेल असा. इलेक्ट्रॉनिक काटा गिऱ्हाईकाकडे तोंड करून ठेवावा आणि वैधमापनशास्त्र यंत्रणेकडून त्याची दरवर्षी होणारी पडताळणी चुकवू नये. ओल्या पाल्याचे पाणी निथळून मग तो तोलावा. यात वजन दहा-वीस ग्रॅमने घटेल, पण समोरचे गिऱ्हाईक ते पाहत असते आणि लक्षात ठेवते.

उजेडाबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. टमाटरांवर लाल ताडपत्री आणि भाजीवर हिरवे कापड बांधण्याची युक्ती बाजारात सर्वत्र दिसते. त्या रंगीत सावलीत माल उजळ दिसतो आणि घरी नेल्यावर फिका पडतो. हातगाडी उद्या दुसऱ्या गल्लीत असते. तिला ही युक्ती एक वेळ परवडेल. दुकान मात्र उद्याही त्याच जागी असते. पांढरा दिवा आणि पांढरे छत एवढेच त्याला शोभते. फळे कॅल्शियम कार्बाइडने पिकविण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी मनाई आहे. इथिलीन वायूने ठरावीक प्रमाणात पिकविण्यास मुभा आहे. आंब्याच्या दिवसांत ठोक व्यापाऱ्याला हा प्रश्न विचारायला संकोच वाटू नये. पेटीत कागदाची पुडी सापडली तर पेटी परत जावी.

जैन दुकानदाराच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. भाजीचा कोपरा उघडायचा तर आलू, कांदा, लसूण, मुळा ठेवायचे की नाही? घरात कंदमूळ येत नाही आणि गल्ल्यावर मात्र त्याचेच पैसे येतात, ही विसंगती कित्येक वडीलधाऱ्यांना बोचते. काही घरांनी कंदमूळ न विकण्याचा निर्णय घेतला आहे, काहींनी विक्री आणि स्वयंपाकघर वेगळे मानले आहे. हा निर्णय ज्याच्या त्याच्या घराचा. व्यवहाराच्या बाजूने एवढेच खरे की, वरठीत आलू-कांदा नसलेला भाजीचा कोपरा विक्रीला कमी पडेल, आणि ती घट हिशेबात आधीच धरून निर्णय घेतला तर नंतर मन डळमळणार नाही. जे विकतात त्यांनी कंदमुळांची टोपली, तिची जागा आणि काट्याचे तबक वेगळे ठेवावे. मातीने भरलेल्या तबकातच पालक तोलली जाते तेव्हा पाळणाऱ्या घरची गृहिणी काही बोलत नाही. ती दुसऱ्या दिवसापासून येत नाही. चातुर्मासात हिरवा पाला सोडणारी घरे, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न घेणारी घरे यांच्यासाठी त्या दिवसांत वाळवलेल्या भाज्या, कडधान्ये, पापड पुढच्या फळीवर आणावेत. पंचांग गल्ल्याशेजारी टांगलेले असतेच. खरेदीच्या आदल्या रात्री त्याच्याकडे एक नजर टाकली की पालकच्या दहा जुड्या जास्तीच्या येत नाहीत.

नासाडीचा विचार येथे केवळ पैशापुरता राहत नाही. सडलेल्या पाल्यात जीवांची उत्पत्ती होते. जो माल वेळेत खपला, तो सडलाच नाही. म्हणून सायंकाळी दर उतरविण्यात कमीपणा मानू नये. दिवे लागल्यानंतर उरलेली वांगी, ढेमसे, पालेभाजी अर्ध्या दराने ‘आजची शेवटची’ म्हणून एका टोपलीत काढावी. पाळी सुटून उशिरा येणाऱ्या कामगाराला ती हवीच असते. तरीही जे उरेल ते गाईबकऱ्यांसाठी जावे, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नव्हे. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी भाजीचा उकिरडा आणि पातळ पिशव्या अजून एकत्रच सापडतात आणि गाय पिशवीसकट खाते. दानाच्या हेतूने टाकलेला पाला तिच्या पोटात गाठ होऊन बसतो. दुकानात कापडी पिशव्या नाममात्र किमतीत ठेवाव्यात आणि परत आणल्यास ती किंमत परत द्यावी.

या साऱ्यात एका व्यक्तीचा विचार बहुधा राहून जातो. दुकानाच्या ओट्याखाली टोपली घेऊन बसणारी भाजीवाली. पावसाळ्यात काटवल आणि तरोटा, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा, उन्हाळ्यात अंबाडी हे सारे मंडीत थोडेच असते; ते तिच्या टोपलीत असते. दुकानदाराने भाजी सुरू केली की तिचे पोट जाते, आणि पुष्कळ ठिकाणी पहिले काम म्हणून तिलाच ओट्यावरून उठविले जाते. तसे करणारा दुकानदार भाजीतले वीस वर्षांचे ज्ञान रस्त्यावर घालवितो. कोणत्या गावची वांगी कडू निघतात, कोणत्या महिन्यात कोबी पोकळ येतो, हे तिला माहीत असते. सावलीची जागा तिला द्यावी, सकाळी तिचा माल शीतकक्षात ठेवू द्यावा, आणि पालेभाजीचा सारा व्यवहार तिच्याकडेच सोपवावा; दुकानाने टिकाऊ भाज्या आणि फळे तेवढी पाहावीत. विक्रीतला वाटा आधी तोंडी ठरवून वहीत लिहून ठेवला की वाद होत नाहीत. तिच्या टोपलीसाठी थांबलेले गिऱ्हाईक मग डाळीसाठीही पायरी चढते. ज्या वडिलांना भाजीत हात घालायचा नाही, त्यांचाही मार्ग यातून निघतो : सडण्याची जोखीम अर्धी होते आणि मुलाचा कोपराही उघडतो.

आरंभ केव्हा करावा हे मात्र हंगाम पाहून ठरवावे. चैत्र-वैशाखात सुरुवात करणारा पहिल्या महिन्यातच हात पोळून घेतो. दिवाळी आटोपली की हवा गार होते, पालेभाजीची आवक वाढते, भाव उतरतात आणि एखाद्या दिवशी अंदाज चुकला तरी माल दुसऱ्या सकाळपर्यंत तग धरतो. कार्तिकात चार क्रेट, एक फळा आणि एक वेगळी वही एवढ्यावर प्रारंभ करावा. वहीत रोज रात्री दोनच आकडे लिहावेत : किती आले आणि किती फेकले. माघापर्यंत त्या दुसऱ्या आकड्याचा कल समजतो. तो उतरत असेल तर फाल्गुनात, ऊन तापण्याच्या आधी, गवंड्याला बोलावून दुकानामागच्या कडुनिंबाखाली विटा उतरवून घ्याव्यात.